शेवटचे पन्नास मीटर

आंबेगाव तालुक्यातले पारगाव आणि जुन्नर तालुक्यातले पारगाव तर्फे आळे, ही दोन्ही गावे उसाची. भीमाशंकर साखर कारखाना पहिल्या पारगावच्याच हद्दीत दत्तात्रयनगरला उभा आहे. बिबट्याने माणूस मारल्याची बातमी आली की या पट्ट्यात एक मागणी हमखास उठते: आम्हाला बंदुका द्या, आमचे आम्ही बघून घेतो. शहरांतून तितक्याच हमखास उत्तर येते: वन्यप्राण्याला गोळी घालणे हा मार्गच नव्हे. एका बाजूला बंदूक म्हणजे सुटका वाटते, दुसऱ्या बाजूला पाप वाटते. ती नेमके काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे मात्र दोघेही तपासत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. शेतकऱ्याला परवान्यावर मिळणारी बारा बोअरची बंदूक हे शेवटच्या पन्नास मीटरचे हत्यार आहे. मारायचे जनावर कोणते, ते कुठे आहे, त्याच्या मागे काय आहे, ते जखमी झाले तर माग कोण काढणार, हा सगळा त्याआधीचा आणि नंतरचा रस्ता बंदूक चालत नाही. तो रस्ता चालणारी व्यवस्था नसेल तर घरोघर बंदुका वाटूनही माणसे मरायची थांबणार नाहीत. आणि ती व्यवस्था असेल, तर ठरलेल्या जनावरावर गोळी झाडायला कचरणे ही माणसांशी केलेली प्रतारणा आहे. म्हणून गोळी घालणे हे आग विझवणाऱ्या बंबासारखे सार्वजनिक काम मानले पाहिजे. घराघराचा परवाना हा त्याला पर्याय नव्हे.

१. आधी हत्यार बघू

शस्त्र कायदा 1959 चा. त्याखाली संरक्षणासाठी सामान्य माणसाला प्रामुख्याने मिळते ती गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीकरक्षणासाठी ठासणीची. रायफलच्या नळीत आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. मुळात ही पाखरांवर छर्रे उडवायची बंदूक. डुक्कर, हरीण, बिबट्या अशा चाळीस ते शंभर किलोच्या जनावरांसाठी तिच्यात दोनच प्रकारची काडतुसे चालतात: मोठे छर्रे किंवा एकच सलग गोळी, म्हणजे स्लग.

मोठ्या छर्‍यांचे काडतूस आधी घेऊ, कारण गावात बंदुकीची चर्चा होते तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच असते. एका काडतुसात असे सहा ते नऊ छर्रे बसतात. नळीबाहेर पडल्यावर ते दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर या हिशेबाने फाकत जातात. तीस मीटरवर हा पसारा ऐंशी सेंटिमीटरच्या घरात जातो. बिबट्याची छाती समोरून पाहिली तर जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटर. म्हणजे नेम अचूक धरूनही काळीज-फुप्फुसाच्या जागी एखाद-दुसरा छर्रा लागणार. बाकीचे पाय, पोट, जबड्यात तरी जाणार, नाहीतर हवेत. तीस मीटरवरून छर्रे मारणे म्हणजे बहुतेक वेळा बिबट्या जखमी करणे.

स्लग हा यावरचा उपाय म्हणूनच निघाला. गुळगुळीत नळीतून एकच जड गोळी सरळ कशी पाठवायची, हा जुना प्रश्न. 1886 च्या सुमारास लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने नळीच्या शेवटच्या काही इंचांतच आटे पाडलेली ‘पॅराडॉक्स’ बंदूक बाजारात आणली. एकाच नळीतून पाखरांसाठी छर्रे आणि जनावरासाठी गोळी, अशी दोन्ही कामे होत असल्याने हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांत ती लोकप्रिय झाली. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने 1898 मध्ये बुडाशी हलकी गादी जोडलेली गोळी काढली. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टरने 1931 मध्ये पाठीमागून पोकळ, तोंडाशी जड अशी शिशाची गोळी केली. दोन्हींमागचे तत्त्व एकच: वजन पुढे, हलका भाग मागे. बॅडमिंटनचे फूल जड बुडाकडून पुढे जाते, तशी ही गोळी न फिरताही नाकाच्या दिशेने जाते.

नेहमीचा एक औंसाचा स्लग म्हणजे 28 ग्रॅम शिसे. नळीतून निघताना वेग सेकंदाला 480 मीटरच्या आसपास. जवळून त्याचा आघात भयंकर असतो; शंभर किलोचे डुक्कर जागीच बसते. पण बोथट, आखूड आणि रुंद असल्याने हवा त्याला लगेच अडवते. पन्नास मीटरवर चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा गेलेली असते. शंभर मीटरवर तो भरवशाचा राहत नाही, कारण तिथवर नुसता जोर कमी होत नाही, नेमही पसरतो. साध्या बंदुकीला टोकाशी एक मणी असतो, रायफलसारखी नेमाची खाच नसते. सराव असलेल्या माणसाने दिवसाउजेडी टेकून झाडला, तरी पन्नास, फार तर सत्तर मीटर ही त्याची प्रामाणिक मर्यादा.

या मर्यादेत स्लग हे उत्तम हत्यार आहे, आणि छर्‍यांपेक्षा जनावराच्या दृष्टीनेही दयाळू. हे मी मुद्दाम सांगतो आहे. बंदूक निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही.

२. पन्नास मीटर दिसतात कुठे?

आता हे हत्यार घेऊन पारगावच्या शिवारात उभे राहा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. माणसाच्या दीडपट उंच, सरीवर सरी, खाली पाचट, पाती एकमेकांत गुंतलेली. बांधावर उभे राहून आत बघितले तर दोन-तीन मीटरपलीकडे डोळा पोहोचत नाही. डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाणी आले आणि हे हिरवे दाट रान बारमाही झाले. बिबट्याच्या माद्या त्यातच पिल्ले घालतात. तोडीच्या दिवसांत कोयत्याच्या पुढ्यात बछडी सापडतात ती यामुळे.

अशा रानात पन्नास मीटर मोकळे मिळतात ते पाणंदीवर, कालव्याच्या कडेला किंवा नुकत्याच तोडलेल्या फडात. बिबट्या पाणंद ओलांडतो तो बहुधा अंधारात आणि दोन-तीन ढांगांत. बॅटरीच्या झोतात दिसतात दोन डोळे. ते बिबट्याचे, तरसाचे, कुत्र्याचे की वासराचे, हे ठरवून, बंदूक खांद्याला लावून, घोडा ओढायला जो वेळ लागतो तेवढा वेळ तो देत नाही.

मग स्वसंरक्षणाचे काय? वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 मध्येच लिहिले आहे की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‍भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. म्हणजे कायद्याची अडचण नाही. अडचण आहे हल्ल्याच्या पद्धतीची. बिबट्या मागून येतो, वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर येतो, आणि मान धरतो. खुरपायला बसलेली बाई, वैरण कापणारा माणूस, अंगणात खेळणारे पोर: उसातला बिबट्या माणसावर येतो तो अशांवर. खुरपे हातात असलेल्या बाईच्या पाठीला बंदूक अडकवली तरी ती काढायची संधी तिला मिळणार नाही. पाच वर्षांच्या पोराच्या हातात तर कोणीच बंदूक देणार नाही.

2025 च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसे गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. तो फोटो अनेकांनी पाहिला, हळहळले आणि विसरले. मला त्या पट्ट्यात गावाचे शहाणपण दिसते. धोका कुठून येतो आणि कुठे लागतो हे त्या बायाबापड्यांनी नेमके ओळखले होते. बंदूक समोरच्या शत्रूसाठी असते. पट्टा मानेसाठी होता.

३. गोळीच्या मागे काय आहे?

शिकारीचा पहिला नियम सांगतो की जनावराच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी कुठेतरी जातेच.

अमेरिकेच्या इलिनॉय, आयोवा, ओहायो अशा सपाट, शेतीच्या आणि वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षे रायफलला बंदी होती; बंदूक आणि स्लग एवढीच मुभा. कारण हेच की स्लग लवकर दमतो, दूरच्या घरापर्यंत जात नाही. आपल्याकडे ‘स्लग सुरक्षित असतो’ असे कोणी म्हणाले तर त्यामागे हीच समजूत असते. पण 2007 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यासाठी झालेल्या अभ्यासाने ती अर्धवट ठरवली. आकाशाकडे झाडली तर रायफलची गोळी खूपच लांब जाते, हे खरे. मात्र जमिनीला समांतर झाडली आणि ती जमिनीवर आपटून उसळली, तर स्लग रायफलच्या गोळीइतकाच, किंबहुना थोडा अधिकही, लांब जाऊ शकतो. रायफलची वेगवान गोळी आपटताना ऊर्जा गमावते, मोडते. जड स्लग अखंड राहून पुढे जातो.

त्या राज्यांत आणखी दोन गोष्टी जमून येतात, त्या इथे नाहीत. एक, तिथली मोठी शिकार मका काढून शेते मोकळी झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात असते. दोन, शिकारी बहुधा झाडावरच्या बैठकीतून खाली झाडतो, म्हणजे चुकली तरी गोळी जमिनीत जाते, आणि अंगावर भडक नारंगी जाकीट घातलेले असते. आपल्याकडे ऊस एकदम कापला जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हा फड आज, तो महिन्याने, असे चालते. एक शेत मोकळे झाले की बिबट्या शेजारच्या उभ्या उसात जातो. आणि त्या मोकळ्या शेताच्याच कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या असतात: पाचटाच्या, ताडपत्रीच्या, आत बीड-पाथर्डीहून आलेली लेकरे. दर दोनशे-चारशे मीटरवर वस्ती, गोठा, पंपावर पाणी धरणारा माणूस. रात्री तीन फेज वीज आली की तो शिवारात असतोच. अशा ठिकाणी घाबरलेल्या पन्नास माणसांनी बिबट्याच्या हुलीवर बार काढायला सुरुवात केली, तर वर्षभरात बिबट्यापेक्षा गोळीने जखमी झालेली माणसे जास्त निघतील, अशी मला खरी भीती आहे.

४. जखमी जनावर कोणाचे?

हा मुद्दा चर्चेत कधीच येत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत जड आहे.

जिम कॉर्बेटने 1910 मध्ये कुमाऊँतला पनारचा नरभक्षक बिबट्या मारला तो रायफलने नव्हे, बंदुकीने, रात्री, बांधलेल्या बकरीवर. पहिल्या बाराला तो मेला नाही, जखमी झाला. मग कॉर्बेटला गावकऱ्यांच्या हातात मशाली देऊन त्याच रात्री त्याच्या मागे जावे लागले. बिबट्या चालून आला, माणसे पळाली, आणि जवळून झाडलेल्या बाराने तो पडला. आयुष्य जंगलात काढलेल्या माणसाची ही गोष्ट. पहिला बार हे काम अर्धेच असते, हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो मागे गेला.

पारगावात चार एकर उभ्या उसात जखमी बिबट्या शिरला तर आत कोण जाणार? बंदूकधारी शेतकरी जाणार नाही, आणि त्याने जाऊही नये. वनरक्षकाकडे बहुधा काठीच असते. मग तो बिबट्या आत पडून राहतो. जबडा फुटलेला, पाय मोडलेला बिबट्या कुत्रे, डुक्कर, बकरी पकडू शकत नाही. त्याच्या आवाक्यात राहते ते सर्वांत संथ आणि दुबळे सावज. ज्याला आज आपण संशयित म्हणतो, त्याला चुकीचा बार खरा नरभक्षक करू शकतो.

जर्मनीत डुकरा-हरणांच्या शिकारीत जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा उपलब्ध असणे बहुतेक राज्यांत कायद्यानेच आवश्यक आहे. गोळी झाडणारा आणि माग काढणारा ही तिथे एकाच कामाची दोन अंगे मानली जातात. आपल्याकडच्या परवान्याच्या अर्जात बंदूक का हवी हे विचारतात, जखमी जनावराचे काय कराल हे नाही.

५. डुक्कर वेगळे, बिबट्या वेगळा

इथे एक मोठा गोंधळ दूर केला पाहिजे. बंदुकीच्या मागणीत रानडुक्कर आणि बिबट्या एकाच श्वासात येतात, आणि केरळचे उदाहरण दिले जाते.

केरळने 2020 पासून पीक नासणाऱ्या रानडुकरांना मारायला परवानाधारक बंदूकवाल्यांना परवानगी द्यायला सुरुवात केली, आणि 2022 मध्ये ते अधिकार ग्रामपंचायत-नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिले. केंद्राने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकराला, उत्तराखंडमध्ये रानडुकराला ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित केले होते. महाराष्ट्रानेही 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही मारण्याच्या परवानगीची पद्धत ठरवून दिली. या सगळ्यात एक गृहीत आहे: कोणतेही डुक्कर चालते. भुईमूग उकरणाऱ्या कळपातले कुठलेही एक मेले तरी नुकसान तेवढे कमी होते, कळप बिचकतो. ओळख पटवायची गरज नसते. डुक्कर एका वेताला अनेक पिल्ले घालते, त्यामुळे मारणे संख्येला झेपते.

बिबट्याचे सगळे उलटे आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात, शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. आणि अभ्यासाच्या काळात बिबट्याने माणूस मारल्याची घटना तिथे घडली नाही. म्हणजे दहा बिबट्यांतले नऊ माणसांना टाळून, कुत्र्या-डुकरांवर जगत असतात. आपल्याला हवा असतो तो दहावा. नवातला एखादा मारला तर दहावा तिथेच राहतो, गाव मात्र ‘काम झाले’ म्हणून पोरांना पुन्हा अंगणात सोडते. चुकीचा बिबट्या मारण्यातला खरा धोका हा आहे. त्यात रिकाम्या झालेल्या हद्दीत दोन वर्षांचा एखादा नवखा नर येऊन बसतो, हेही आहेच.

म्हणून डुकरांबाबत मी बंदुकीच्या बाजूने आहे, अटी घालून: तोडणी झालेल्या शेतात, मचाणावरून खाली, स्लगने, गावाने निवडलेल्या तीन-चार सराव केलेल्या माणसांकडून. डुकरांसाठी शेतात वीज सोडणे आणि गावठी बॉम्ब पेरणे याने माणसे, गुरे, बिबटे सगळेच मरतात. त्यापेक्षा हे शतपटीने बरे. बिबट्यासाठी मात्र हा साचा उपयोगाचा नाही.

६. पिंपरखेडने दाखवलेले

12 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर 2025 या तीन आठवड्यांत पिंपरखेड आणि जांबुत परिसरात तिघांचा जीव गेला: एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध स्त्री, एक तेरा वर्षांचा मुलगा. तिसऱ्या मृत्यूनंतर लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी जाळली गेली, पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला. त्यानंतर मुख्य वन्यजीव रक्षकांकडून बिबट्याला मारण्याची परवानगी आली. कॅमेरे लावले, थर्मल ड्रोन उडवले, नेमबाज बोलावले. खात्याने सांगितल्याप्रमाणे आधी बेशुद्धीचा डार्ट मारला, तो लागला नाही, बिबट्या चालून आला, तेव्हा गोळी झाडली. पाच-सहा वर्षांचा नर होता.

यातून दोन बाबी उघड होतात. पहिली, काम झाले ते बंदुकीच्या आधी: ठसे, कॅमेरे, ड्रोन, माणसे. गोळी शेवटी आली. दुसरी जास्त टोचणारी आहे: हीच साधने, हीच माणसे, हाच कायदा 12 ऑक्टोबरलाही होता. पहिल्या मृत्यूनंतर तिसऱ्यापर्यंत थांबावे लागले, कारण निर्णयाची गती रस्ता अडवल्यावर येते हे गावांना आणि खात्याला दोघांनाही कळून चुकले आहे. ज्या व्यवस्थेत जाळपोळ हाच अर्ज ठरतो, तिथे उद्या लोक बंदूक मागणार नाहीत तर काय मागतील?

७. आक्षेप आणि उत्तरे

*‘माणसे मरताहेत आणि तुम्ही नळीचा व्यास सांगता.’* होय, कारण मेलेल्यांना न्याय आवेशाने मिळत नाही. ज्या घरातले पोर गेले त्या घराला बिबट्या मेल्याची बातमी हवी असते, आणि ती खरी हवी असते. चुकीचा बिबट्या मारून दिलेली खोटी बातमी पुढच्या घराचा घात करते.

*‘कायदाच बिबट्याच्या बाजूने आहे, तो पहिल्या अनुसूचीत आहे.’* पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल, तर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, हे त्याच कायद्याच्या कलम 11 मध्येच आहे. अनुसूची बदलली की ऊस पारदर्शक होणार नाही. अडते ते कलमापाशी नाही; पकडणे शक्य नाही हे किती दिवसांत आणि कोणी ठरवायचे, इथे अडते.

*‘पकडून दूर सोडा.’* हा प्रयोग याच जुन्नर भागात झालेला आहे. 2001 ते 2003 च्या काळात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतराच्या आसपास गेले. ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी माणसांत सोडलेला प्राणी सरावलेला राहत नाही. पकडलेला संशयित माणिकडोहच्या निवारा केंद्रात कायमचा ठेवणे हा वेगळा आणि योग्य मार्ग आहे, पण तिथल्या पिंजऱ्यांना संख्या आहे. नसबंदीची चर्चा चालू आहे. तिचा परिणाम दिसायला वर्षे लागतील आणि उद्याच्या हल्ल्याशी तिचा संबंध नाही.

*‘खासगी शिकारी बोलवा, ते पटकन संपवतील.’* यवतमाळच्या पांढरकवड्यात अवनी वाघिणीला नोव्हेंबर 2018 मध्ये असेच संपवले. तेरा मृत्यू तिच्या नावावर होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने आदेशात हस्तक्षेप केला नव्हता. तरी ती रात्र, तो डार्ट, हजर असलेली आणि नसलेली माणसे, यावर चौकशा झाल्या आणि वाद आजही मिटलेला नाही. मारणे कायदेशीर असूनही मारण्याची रीत संशयास्पद ठरली की पुढच्या प्रत्येक परवानगीवर अधिकारी सही करायला घाबरतो. त्याची किंमत तिसरा आणि चौथा बळी मोजतो.

*‘कुठल्याही परिस्थितीत मारू नका, आपणच त्यांच्या घरात शिरलो.’* पारगावचा ऊस हे बिबट्याचे घर आहे, हे आता खरे आहे. पण ते घर त्याला आपण बांधून दिले, आणि त्यात जन्मलेली बिबट्यांची पिढी जंगल ओळखत नाही. माणसाला सावज समजणारा एक बिबट्या वेळेत काढला नाही, तर लोक फासे लावतात, विष घालतात, आणि त्यात जे नऊ निरपराध आहेत तेच जातात. वाघोबाला शेंदूर लावणाऱ्या या मुलखातली सहनशीलता अक्षय नाही. तिला टिकवायचे असेल तर त्या एकावरची गोळी वेळेवर सुटली पाहिजे.

८. मग मागायचे काय?

बंदुकीच्या परवान्याऐवजी जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांसाठी कायमचे पथक मागावे. प्रत्येक हल्ल्यानंतर बोलवावे लागणारे नव्हे. पगारी, इथेच राहणारे, फड आणि पाणंदी पाठ असलेले. त्यात पशुवैद्य हवा, ठसे आणि कॅमेऱ्यातले ठिपके वाचणारा माणूस हवा (प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची नक्षी वेगळी असते, फोटोवरून तो ओळखता येतो), मागावर शिकवलेले कुत्रे हवेत, आणि दोन प्रकारची शस्त्रे हवीत: टेकून, दुरून झाडायला रायफल, आणि उसात शिरलेल्या जखमी बिबट्याच्या मागे जाताना स्लग भरलेली बारा बोअर. या दुसऱ्या कामाला तिच्यासारखे हत्यार नाही. पाच-दहा मीटरवर चालून येणाऱ्या जनावराला ती जागीच थांबवते, आणि तिथे तिचा आखूड पल्ला हा दोष न राहता गुण ठरतो. या पथकाचा सराव वर्षभर व्हावा, रात्री, उजेडाच्या झोतात, हलत्या निशाण्यावर.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की गावातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. पथकाची शस्त्रे सरकारी असतील तर ही खोटही राहणार नाही.

दुसरे, मुदत. माणसाच्या मृत्यूनंतर घटनास्थळावरचे ठसे आणि लाळेचे नमुने त्याच दिवशी घेतले गेले पाहिजेत; गर्दीने ते तुडवले जाण्याआधी. पिंजरे लावल्यावर किती दिवसांत ‘पकडणे शक्य नाही’ असा निष्कर्ष काढायचा, हे आधीच लिहून ठेवलेले हवे, म्हणजे त्यासाठी महामार्ग अडवावा लागणार नाही. माझ्या मते सात दिवस पुरेसे आहेत. त्याच परिसरात दुसरा मृत्यू झाला तर एकही दिवस नाही.

तिसरे, दिवसा वीज. रात्री पाणी धरायला जाणारा माणूस कमी झाला की पथकाचे निम्मे काम कमी होते. हे बंदुकीपेक्षा स्वस्त आहे आणि दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते.

आणि चौथे, गोळी झाडल्यावरचा हिशेब. किती बार झाडले, कुठून, किती अंतरावरून, जनावर कुठे लागले, शवविच्छेदनात काय निघाले, ठिपके आणि लाळेचे नमुने जुळले की नाही, हे सगळे एका पानावर मराठीत लिहून त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. जुळले नसेल तर तेही सांगावे, आणि तोवर पिंजरे, कॅमेरे आणि रात्रीची गस्त त्या शिवारातून हलवू नये.